मयड्याचा माणूस आणि आमचा गडगा

गडगा म्हणजे काय हे पेडण्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. एकावर एक रचलेले चिरे, मधे माती असली तर असली, उंची कमरेइतकी. वर पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात शेजारणीच्या मिरच्या. आमच्या आणि वयनींच्या घरामधे असा एक गडगा आहे. वयनी कुणाच्या, ते विचारू नका. अख्खा वाडा त्यांना वयनीच म्हणतो, मासळीवालीसुद्धा. आमचं बोलणं चालतं कोकणीत, तीही पेडण्याची, म्हणजे अर्धी मालवणीकडे कललेली. इथे मराठीत उतरवते आहे, कारण लिहायला हात मराठीतच चालतो. पेडण्यात शाळा मराठी, बोलणं कोकणी आणि भांडण दोन्हींत.

मे महिना सरत आला होता. पुरमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. वयनींनी त्यांच्या बाजूला भिंडाची सोलं पसरली होती, माझ्या बाजूला सुकं बांगडं होतं आणि मधे, गडग्यावर, आमच्या दोघींची कोपरं.

"ऐकलंस गो?"

"नाही बा," मी म्हटलं. ऐकलेलं होतं. सकाळी नळावर तिघींनी सांगितलं होतं. पण ऐकलं म्हटलं की पुढचं अर्धं कळत नाही.

तर वयनींच्या धाकट्याचं लग्न ठरलं, तुळशीनंतरचं. सून यायची तर मागच्या दारी एक खोली हवी, जोडीला न्हाणी हवी. पोरगा परवाना मागायला गेला, तर त्याच्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागितला. उताऱ्यावर नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. घर चार पिढ्यांचं, घरपट्टी सासऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, आणि घराखालची माती अजून तिसऱ्याच्याच नावावर.

"मुंडकार केस घातली नव्हती का तुम्ही?"

"घातली तर! आधी वकील वारला. मग भाटकार वारला. आता फाइल कचेरीत आहे म्हणतात."

इथे मला राहवेना. पणजीला तीस वर्षं कारकुनी केली, कायद्याची कलमं टाइप करून करून बोटांत बसली आहेत. १९७५ चा मुंडकार कायदा. दुसऱ्याच्या भाटात घर करून राहिलेल्याला कुणी उठवायचं नाही, आणि त्याला घर जमिनीसकट विकत घेता यायला हवं. गावात घराभोवतीची तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा, पालिकेच्या हद्दीत दोनशे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आमच्या पेडण्यात जन्मलेले. कूळ-मुंडकारांच्या मतांवर त्यांनी १९६३ ला राज्य आणलं. कायदा मात्र ते गेल्यावर, ताईंच्या म्हणजे शशिकला काकोडकरांच्या कारकिर्दीत झाला. पन्नास वर्षं झाली. गोव्यात घरांचं धोरण म्हणून कुणी मोठमोठी पुस्तकं लिहोत, माझ्या मते खरं धोरण हेच एक झालं. बाकी सगळं त्याच्या फाइलीवरची धूळ.

"तुझ्या माहेरी काय सुटलं सगळं?" वयनींनी हळूच चिमटा काढला.

माझं माहेर डिचोलीतलं मये. तिथे तर भाटकारच पळून गेला होता. पोर्तुगीज गेले तसा तोही गेला, आणि गावातली बरीचशी जमीन 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी' म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. मालक नाही, पण घरवालाही मालक नाही. गोवा मुक्त झाला १९६१ ला, आणि मयेकारांच्या जमिनीसाठी कायदा झाला २०१४ ला. माझ्या आज्याने घराला सोपा काढला, बापाने मागची पडवी काढली, भावाने वर स्लॅब घातला, आणि तिघांनीही ते चोरून केलं. आमच्या मयेत गवंडी रात्री कामाला यायचा, म्हणजे सकाळी उठून बघावं तर भिंत. लहानपणी मला वाटायचं भिंती रात्रीच उगवतात, अळमीसारख्या.

"त्या मानाने आमचा दीर सुखी," वयनी म्हणाल्या. "बेलापुरात तळाला दोन खोल्या होत्या, आता तीन मजले आहेत. कुणी हूं म्हटलं नाही."

"कुठे बेलापुरात?"

"ते आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात बघ. सेक्टर आठात."

मी बांगडे सोडून सरळ उभी राहिले. "वयनी, तुमच्या दिराचं ते घर कुणी काढलं ठाऊक आहे? आपल्या मयड्याच्या माणसाने!"

"मयड्याच्या?" वयनी हसल्या. मयडे म्हणजे केळ्यांचा गाव, आणि बार्देशात मयडेकारांच्या भाबड्या शहाणपणाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. "मयडेकाराने घर काढलं तर दार छपरावर असेल."

"अर्धं बरोबर बोललात. त्याला आकाशाकडे उघडी जागा फार आवडायची."

चार्ल्स कोरिया. घराणं मयड्याचं, जन्म मात्र सिकंदराबादचा, १९३० चा. शिकला अमेरिकेत, मिशिगन आणि एमआयटी इथे, आणि १९५८ ला मुंबईत स्वतःचं ऑफिस थाटलं. पहिल्या मोठ्या कामांतलं एक म्हणजे साबरमतीचं गांधी संग्रहालय. पणजीची कला अकादमी त्याचीच. पुरस्कार मोजत बसले तर सोलं वाळून जातील. पद्मविभूषण २००६ ला मिळालं, एवढं पुरे. पण लोक त्याला देखण्या इमारतींचा माणूस समजतात, आणि माझं म्हणणं असं की तो मुळात घराच्या हिशेबाचा माणूस. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत बस चुकली की मी वेळ काढायची, तिथे त्याचं 'द न्यू लँडस्केप' हाती लागलं. १९८५ चं पुस्तक. इंग्रजी, पण चक्क समजतं. शहराबद्दल लिहिलेलं पुस्तक समजणं हे किती दुर्मिळ, ते सरकारी अहवाल टाइप करणारीलाच कळेल.

तेवढ्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे वाड्यावरचे निवृत्त हेडमास्तर. ते रोज चारला काठी घेऊन फिरायला निघतात आणि रोज आमच्या गडग्याशी फिरणं संपतं.

"कोरियाचं काय?" त्यांनी काठी फणसाला टेकवली. "त्याने मुंबई खाडीपलीकडे न्यायची म्हटलं होतं. ऐकलं नाही कुणी."

ऐकलं, पण अर्धं. १९६४ ला कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई दक्षिणेत निमुळती होत चालली आहे. सगळे सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे. गर्दी कमी करायला घरं नव्हे, नोकऱ्या हलवा. खाडीपलीकडे नवं शहर करा. पुढच्या वर्षी मुल्कराज आनंदांच्या 'मार्ग' मासिकाने ते छापलं. १९७० ला सिडको स्थापन झाली, कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले. त्यातली मला आवडलेली युक्ती पैशाची आहे: जमीन सरकारने आधी घ्यायची, शहर वाढलं की तिची किंमत वाढते, आणि त्या वाढीतूनच गरिबांच्या घरांचा न् रस्त्यांचा खर्च काढायचा. म्हणजे जमिनीचा नफा दलालाऐवजी गावाला.

"हे पेडण्यात सांग जाऊन," मास्तर म्हणाले.

पण राजधानी तिकडे हलवायची ही मूळ कल्पना, ती राहिली. मंत्रालय जिथे होतं तिथेच राहिलं आणि उलट समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट उभा केला. नवी मुंबई झाली, पण वर्षानुवर्षं झोपायला तिकडे आणि कामाला इकडे. घर बांधलं की माणूस बसतो असं नाही, घराजवळ पोट भरायला हवं. इतकी साधी गोष्ट सांगायला त्याला अर्धं आयुष्य लागलं. ती आपल्या माणसांना आधीच ठाऊक होती. वयनींचे सासरे लालबागच्या गिरणीत होते; दहा जण एका खोलीत, पाळीपाळीने झोप. पण गिरणी चालत अंतरावर. ख्रिस्तावांच्या गावागावांची मुंबईत कूड असायची, तिथेही तेच: पेटी ठेवायला जागा, पाठ टेकायला चटई, बाकी सगळं शहर तुमचं अंगण.

गिरण्यांवरून आठवलं, ते सांगून टाकते. १९९६ ला त्या बंद गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं याचा आराखडा कोरियांच्या समितीने करून दिला: मोकळ्या जागा, घरं, रोजगार, सगळं एकत्र धरून. नियम होता की जमिनीचे तीन वाटे करायचे, एक लोकांसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला नियम बदलला आणि वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेचे धरले. गिरणीची इमारत पाडून झालेली जागा वाट्यात नाही. राहिलं काय? मॉल.

"आमचे सासरे असते तर शिव्या घातल्या असत्या," वयनी म्हणाल्या, आणि त्यांच्या वतीने एक घातली.

मग त्यांनी मुद्द्यावर आणलं. "पण दिराचं घर वाढलं कसं, ते सांग."

तेच तर. १९८३ ते ८६ च्या सुमाराला सिडकोसाठी कोरियांनी बेलापूरची ती वसाहत केली. सात घरांचा एक घोळका, मधे साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन घोळके मिळून त्यांच्यामधे जरा मोठं अंगण. तसं वाढत वाढत पार ओढ्यापर्यंत आणि बाजारापर्यंत. प्लॉट पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे. म्हणजे कारकुनाचा आणि साहेबाचा पगार कितीही वेगळा असो, जमिनीत दुपटीचाही फरक नाही. आणि कुणाची राहती भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटवायची नाही. का? तर उद्या तुमच्या धाकट्याचं लग्न ठरलं, की शेजाऱ्याला न विचारता खोली काढता यावी! घरं इतकी साधी ठेवली की साध्या गवंड्याला वाढवता यावीत. घर म्हणजे एकदा किल्ली देऊन संपलेली वस्तू नव्हे, ते संसाराबरोबर वाढणार, हे त्याने नकाशातच धरलं.

वयनी गप्प झाल्या. वयनी गप्प होणं ही आमच्या वाड्यावर नोंद ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "आम्ही चोरून करतो ते त्याने कागदावर काढून दिलं."

मी पुस्तक टाइप केलं असतं तरी मला असं एका वाक्यात सांगता आलं नसतं.

"पण आता तिथे अंगणात गाड्या लावतात," त्यांनी लगेच जोडलं. "आणि पैसेवाल्यांनी जुनी घरं मोडून बंगले घातले. दीर म्हणतो, मूळचं घर शोधायला लागतं."

खरं आहे. वाढायची मोकळीक दिली की ज्याच्याकडे पैसा त्याचं घर जास्त वाढतं. मास्तरांना हे फार लागलं. त्यांच्या मते ही कोरियाची चूक. मला नाही वाटत. कौलाखालचं लेकरू वाढलं म्हणून आईला कुणी दोष देत नाही. अंगणात गाडी लावणाऱ्याला द्या.

"आणि हा गरिबांचा कैवारी," मास्तर आता पेटले, "मुंबईत कंबाला हिलवर अठ्ठावीस मजल्यांचं कांचनजंगा बांधतो, ते कुणासाठी? आमच्यासाठी?"

हे मात्र बोचतं. आर्किटेक्टला गिऱ्हाईक लागतं, आणि पंचेचाळीस मीटरच्या प्लॉटवाला गिऱ्हाईक फी देत नाही. पण कांचनजंगाचे फोटो बघा: प्रत्येक घराला कोपऱ्यात दोन मजली उंचीची उघडी गच्ची. म्हणजे आपलाच सोपा उचलून आभाळात नेऊन ठेवलाय. शेठाला काय, मुंडकाराला काय, घराबाहेर पण घरातच बसायची जागा लागते, एवढंच त्याला म्हणायचं होतं, वरही आणि खालीही.

आता ज्यासाठी हा सगळा पाल्हाळ लावला ते सांगते. 'न्यू लँडस्केप'मधे तो म्हणतो (माझ्या शब्दांत सांगते), घराचे चार भाग असतात. पहिला, चार भिंतींच्या आत: रांधायचं, झोपायचं, सामान ठेवायचं. दुसरा, उंबऱ्याबाहेरचा: जिथे पोरं खेळतात आणि शेजारणीशी बोलणं होतं. तिसरा, पाण्याचा नळ नाहीतर विहीर, जिथे वाडा भेटतो. आणि चौथा, गावाचं मैदान. गरम हवेच्या देशात माणसाचा बराचसा दिवस या बाहेरच्या तीन भागांत जातो, आणि ती जागा आतल्या जागेपेक्षा कितीतरी स्वस्तात होते. सरकार मात्र मोजतं फक्त पहिला भाग. गरिबाला इतक्या चौरस मीटरची खोली दिली, झालं घर. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीला उंबऱ्याबाहेर काय आहे? जिना.

"म्हणजे हा गडगा त्याने घरात धरला?" वयनींनी कोपराखालचा चिरा थोपटला.

"धरला."

"मग कुणाला सांगू नकोस हो. घरपट्टी वाढवतील."

मास्तरांनी हसता हसता शंका काढली, "मुंबईत ठीक आहे गो, पण इथे पावसाळा चार महिने. चार महिने तुझं बाहेरचं घर कुठे जातं?" मास्तरांचं बरोबर आहे. पण म्हणून तर आपण चुडतांची झड बांधतो, ओटीवर येतो, आणि गडग्यावरच्या गप्पा छत्रीखाली उभ्याने करतो. कमी होतात, बंद होत नाहीत.

मास्तरांना आवडेल म्हणून मी 'ए प्लेस इन द शेड'ची गोष्ट काढली. २०१० चं पुस्तक, जुन्या-नव्या लेखांचं. त्यात तो म्हणतो, अमेरिकेत शाळा म्हटली की विटांची लाल इमारत डोळ्यांपुढे येते आणि आपल्याकडे झाडाखाली बसलेला गुरू. मास्तर एकदम खूश. त्यांनी पहिली दोन वर्षं वडाखालीच शिकवलं होतं, इमारत मंजूर होऊन आली नव्हती म्हणून. "आम्हाला तेव्हा कळलं असतं की हे तत्त्वज्ञान आहे," ते म्हणाले, "तर अर्ज केला नसता."

दिल्लीनेही त्याला बोलावलं होतं. राजीव गांधींनी राष्ट्रीय नागरीकरण आयोग नेमला, अध्यक्ष कोरिया. १९८८ ला अहवाल. सगळा भार मुंबई-कलकत्त्यावर कशाला, मधली शेकडो गावं न् शहरं उभी करा, असा त्याचा रोख. आयोगाचे अहवाल कुठे जातात ते मला विचारू नका. मी ते टाइप करून कपाटात ठेवलेली बाई आहे.

मग तो गोव्यात आला, आणि इथली गोष्ट तर आमच्या डोळ्यांसमोरची. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली, गोवा बचाव अभियान झालं, आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारने तो मागे घेतला. नव्या आराखड्यासाठी कार्यदल नेमलं, त्यात कोरिया अग्रभागी, एडगर रिबेरोंसारखे नगररचनाकार सोबतीला. आरपी एकवीस. त्यांनी आधी विचारलं, बांधायचं नाही ते कुठे? डोंगर, खाजन, शेतं, रानं वेगळी काढली, इको-एक आणि इको-दोन म्हणून. मग नकाशे पंचायतींना पाठवले. मला आठवतंय, आमच्या देवळाच्या चौकात तो नकाशा टांगला होता, आणि माणसं आपापलं भाट शोधत होती. बारा वर्षांचा पोर बोट ठेवून सांगत होता, ही आमची विहीर, चुकीच्या जागी दाखवलीय. चुका होत्या, खूप होत्या. पण माझ्या साठ वर्षांत आपल्या गावाचा नकाशा गावाला दाखवून 'बघा, बरोबर आहे का' म्हणून विचारलेलं ते एकदाच. २०१२ ला सरकार बदललं आणि आरपी एकवीस थांबवून ठेवला. २०१५ च्या जूनमधे कोरिया मुंबईत वारला.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंय. मोपाचा विमानतळ आला, २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन, आणि पेडण्यात ज्या भाटात काल गुरं चरत होती तिथे दिल्लीच्या गाड्या थांबून काच खाली करून भाव विचारायला लागल्या. २०२३ ला पेडण्याचा झोनिंग आराखडा आला, लोक उठले, मागे घ्यावा लागला. सतरा-दोन तर आता पोरांच्या तोंडी आहे, क्रिकेटच्या स्कोअरसारखं: नगरनियोजन कायद्यातलं ते कलम, नकाशात चूक होती म्हणून एकेका सर्व्हे नंबराचा रंग बदलून द्यायचं. २०२५ च्या मार्चमधे उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. त्याच वर्षी सरकारने 'म्हजें घर' आणलं, सरकारी आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकरीच्या सामायिक जमिनीवरची २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंतची घरं कायदेशीर करायला.

"त्यात आम्ही बसतो?" वयनींचा थेट प्रश्न.

"तुम्ही भाटकाराच्या जमिनीत. तुमची ती जुनी फाइलच."

"म्हणजे हिरव्याचा पिवळा एका अर्जात होतो," मास्तर म्हणाले, "आणि हिच्या न्हाणीला पन्नास वर्षं."

कुणी काही बोललं नाही. फणसावर कावळा ओरडत होता. कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचा स्लॅब २०२३ च्या जुलैत कोसळला, तेव्हा मास्तर पेपर हातात घेऊन असेच गडग्याशी येऊन उभे राहिले होते. एरवी त्या इमारतीला अडवणारं दारच नव्हतं. रस्त्यावरून शिरावं आणि छताखालून थेट मांडवीपर्यंत जावं. तिकीट नसलेल्यांनाही सावली मिळायची. मी कितीदा तिथे डबा खाल्लाय.

एवढ्यात वयनींचा धाकटा मोटारसायकलवरून आला, काखेत गुंडाळी. तालुक्याच्या गावातल्या कुणा इंजिनिअराकडून नकाशा काढून आणला होता. परवाना मिळो न मिळो, नकाशा तर हवा. गडग्यावरच्या मिरच्या बाजूला सारून त्याने तो पसरला. खोली छान होती. न्हाणी छान होती. नव्या सुनेसाठी मागे एक छोटी गॅलरीही दाखवली होती. आणि आमच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जाड काळी रेघ.

"ही कसली?"

"कंपाउंड वॉल. सात फूट. सिमेंट ब्लॉकची. आता सगळे तसंच घालतात, आई."

वयनींनी कानामागची पेन्सिल काढली. ती त्या दुधाच्या हिशेबासाठी ठेवतात. रेघेवर फुली मारली आणि बाजूला आकडा घातला: तीन फूट.

"इंजिनिअर विचारेल कशाला म्हणून."

"सांग, आवयला मिरच्या सुकवायला लागतात."